संगणक-शंका : विंडोज १० ठेवावी की ११ वर जावं?

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा मोफत आधार संपला. तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत हाच एक विषय आहे. आधार संपला म्हणून मशीन बंद पडत नाही, फक्त सुरक्षेची डागडुजी थांबते. त्यानंतर सापडणारी प्रत्येक फट त्या मशीनवर उघडीच राहते. ज्या मशीनवर बँक, ईमेल किंवा जीएसटीचं काम चालतं तिथे हा प्रश्न टाळता येत नाही. जे मशीन नेटला जोडलेलंच नाही तिथे घाई करायचं कारण नाही. पुढची उत्तरं देताना आम्ही मशीन किती जुनं आहे याआधी त्यावर काय काम चालतं आणि त्याला काय काय जोडलेलं आहे, हे पाहिलं आहे.

प्रश्न : माझा असेंबल केलेला डेस्कटॉप आहे. आय५-८४०० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, २४० जीबी एसएसडी. तरी अपडेटच्या पानावर ‘हा पीसी विंडोज ११ची किमान पात्रता पूर्ण करत नाही’ असं येतं. दुकानदार म्हणतो, मदरबोर्ड बदला. काय करू? — एक विद्यार्थी, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : मदरबोर्ड बदलू नका. आय५ नंतरच्या ८४०० या आकड्यातला पहिला ८ म्हणजे आठवी पिढी, आणि इंटेलची आठवी पिढी विंडोज ११च्या यादीत आहे. ७५०० असता तर सातवी पिढी, म्हणजे अपात्र. तुमच्याकडे अडलंय ते बहुधा दोन ठिकाणी. टीपीएम २.० हा विंडोज ११ला लागणारा सुरक्षेचा भाग बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये, बंद आहे आणि विंडोज जुन्या लेगसी पद्धतीने टाकलेली आहे. असेंबल मशीनवर ही दोन्ही लक्षणं बऱ्याचदा सोबतच दिसतात.

आधी खात्री करा. विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबून टीपीएम डॉट एमएससी हे रोमन अक्षरांत टाइप करा. टीपीएम सापडत नाही असा निरोप आला, तर ते बंद आहे. मग त्याच चौकटीत एमएसइन्फो३२ टाइप करा आणि ‘बायोस मोड’ची ओळ बघा. तिथे लेगसी लिहिलेलं असेल तर दुसरं कारणही पक्कं झालं.

टीपीएम सुरू करायला वेगळा तुकडा विकत घ्यावा लागत नाही. इंटेलच्या या बोर्डांत ते प्रोसेसरबरोबरच येतं आणि बायोसमध्ये त्याचं नाव पीटीटी, म्हणजे प्लॅटफॉर्म ट्रस्ट टेक्नॉलॉजी, असं असतं. मशीन सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा. गिगाबाइटच्या बोर्डावर ते साधारणपणे पेरिफेरल्समध्ये सापडतं, आसुसवर ॲडव्हान्स्डमधल्या पीसीएच-एफडब्ल्यू कॉन्फिगरेशनमध्ये. एएमडीच्या बोर्डावर हेच एफटीपीएम नावाने असतं.

खरी काळजी पुढच्या पायरीला घ्यायची आहे. लेगसीवरून यूईएफआयवर, म्हणजे मशीन सुरू करण्याच्या नव्या पद्धतीवर, जायला बायोसमधलं सीएसएम (जुनी पद्धत चालू ठेवणारी सोय) बंद करावं लागतं. ते आधी बंद केलंत तर विंडोज उठणारच नाही, कारण तुमची डिस्क एमबीआर पद्धतीने विभागलेली आहे आणि यूईएफआयला जीपीटी लागते. म्हणून आधी डिस्क बदलायची, मग बायोस. विंडोज १०मध्येच त्यासाठी एमबीआरटूजीपीटी ही आज्ञा आहे. टाइप करताना ‘टू’च्या जागी २ हा आकडा येतो. कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडा. आज्ञेपुढे स्लॅश व्हॅलिडेट आणि स्लॅश अलाऊफुलओएस लिहून नुसती तपासणी करून घ्या. तपासणी यशस्वी झाली तर व्हॅलिडेटच्या जागी कन्व्हर्ट लिहून तीच आज्ञा पुन्हा चालवा. माहिती पुसली जात नाही, पण बॅकअप घेतल्याशिवाय या आज्ञेला हात लावू नका.

तपासणी नापास झाली तर बहुतेक वेळा दोष सी, डी, ई, एफ अशा वाटण्यांचा असतो. एमबीआरमध्ये चारच प्रायमरी भाग मावतात. त्याहून जास्त ड्राइव्ह करायचे म्हणून दुकानात एक्स्टेंडेड भाग करून त्यात लॉजिकल ड्राइव्ह पाडतात, आणि ही आज्ञा लॉजिकल ड्राइव्ह असलेली डिस्क घेतच नाही. शिवाय प्रायमरी भागही तीनपेक्षा जास्त चालत नाहीत. तसं असेल तर डी आणि ई मधला मजकूर एक्स्टर्नल डिस्कवर काढा, डिस्क मॅनेजमेंटमधून ते ड्राइव्ह आणि मग तो एक्स्टेंडेड भाग डिलीट करा, आणि तपासणी पुन्हा चालवा. डी-ई वेगळ्या हार्ड डिस्कवर असतील तर यातलं काहीच करायला नको. बदलायची ती फक्त विंडोज असलेली डिस्क.

त्यानंतर बायोसमध्ये सीएसएम बंद, सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना खात्रीचीच प्रणाली उठू देणारी सोय) चालू. इथे एक गोष्ट अडू शकते. वेगळं बसवलेलं जुनं ग्राफिक्स कार्ड यूईएफआयला समजणारं नसेल, तर सीएसएम बंद होताच स्क्रीन काळी राहते. तुमच्या ८४००मध्ये स्वतःचं ग्राफिक्स आहे. कार्ड काढा आणि मॉनिटरची केबल मदरबोर्डला लावा. तरी काही दिसत नसेल तर मशीनची वायर काढून बोर्डावरचा सीआर२०३२ सेल दहा मिनिटं बाहेर ठेवा. बायोस मूळ स्थितीला येतं.

एवढं झाल्यावर मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक चालवून पाहा. आणि सेटिंग्जमधल्या ॲक्टिव्हेशनच्या पानावर काय लिहिलंय तेही बघा. ‘डिजिटल लायसन्स’ असेल तर ११ आपोआप ॲक्टिव्हेट होईल. ‘संस्थेच्या ॲक्टिव्हेशन सेवेने’ ॲक्टिव्हेट झाल्याचा उल्लेख घरच्या मशीनवर असेल, तर दुकानदाराने बनावट मार्गाने ॲक्टिव्हेट करून दिलं आहे असं समजा. तसली विंडोज पुढे नेण्यात अर्थ नाही. रीतसर लायसन्स घ्या.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. लॅपटॉपवर आय३-६००६यू, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क. पेन्शनची बँक, ईमेल आणि मराठी लेखन एवढंच करते. मुलगा म्हणतो नवा घे, भाचा म्हणतो मी याच्यावरच ११ टाकून देतो. — लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : ६००६यू म्हणजे सहावी पिढी. ती विंडोज ११च्या यादीत नाही. भाचा म्हणतो तेही खोटं नाही. रुफस नावाच्या प्रोग्रामने तयार केलेल्या पेनड्राइव्हवरून तपासणी चुकवून ११ बसते. पण अशा मशीनला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि दरवर्षी येणारी मोठी आवृत्ती आपोआप येत नाही. ती दर वेळी कुणीतरी हाताने बसवावी लागते. भाचा हौशी आहे, त्याने स्वतःच्या मशीनवर जरूर करावं. बाई, ज्या लॅपटॉपवर तुमचं पेन्शन बघता त्यावर ते करू नये असं आमचं ठाम मत आहे.

तुम्हाला आधी हवा आहे तो वेळ, आणि तो मिळतो. ईएसयू नावाची वाढीव सुरक्षा योजना घरगुती मशीनना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची अपडेट देते. सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, विंडोज अपडेट असं गेलात की ‘एनरोल नाऊ’ दिसतं. ते दिसण्यासाठी विंडोज १०ची २२एच२ ही आवृत्ती लागते. विंडोजची कळ आणि आर दाबून विनव्हर टाइप केलं की आवृत्ती कळते. शिवाय मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. विंडोज बॅकअपमधून सेटिंग्ज सिंक करायला होकार दिला तर पैसे पडत नाहीत. एक सावधगिरी घ्या. या होकाराबरोबर डॉक्युमेंट्स आणि फोटोही वनड्राइव्हवर चढू लागले, तर तिथली मोफत ५ जीबी जागा लगेच भरते आणि ‘जागा संपली’चे निरोप सुरू होतात. वनड्राइव्हच्या बॅकअपमध्ये जाऊन फोल्डरांची बटणं बंद करा. सेटिंग्जचं सिंक तेवढं राहू द्या.

त्या मुदतीनंतर दोन रस्ते आहेत. नवा लॅपटॉप घ्यायचा असेल तर ८ जीबी रॅम आणि एसएसडी याच्या खाली उतरू नका. ४ जीबीवर ११ बसते हे कागदावर खरं आहे, पण ब्राउझर उघडला की मशीन अडखळतं. नवा घ्यायचा नसेल तर याच लॅपटॉपला अडीच इंची २५६ जीबी साटा एसएसडी आणि आणखी ४ जीबी रॅम घालून लिनक्स मिंट टाका. मिंट २२ला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट आहेत. ईमेल आणि बँकेची वेबसाइट तिथल्या फायरफॉक्समध्ये चालते. लेखनाला लिब्रेऑफिस आहे आणि युनिकोड मराठीला काही अडचण नाही.

मात्र बसवण्याआधी मिंट पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहा. हार्ड डिस्कला हात न लावता सगळं तपासता येतं. तपासायचं ते वायफाय, आवाज आणि प्रिंटर. काही स्वस्त लॅपटॉपमधले रिअलटेकचे वायफाय तुकडे लिनक्सवर रुसतात. प्रिंटर एचपी लेझरजेट १०२० असेल तर एचपीएलआयपी या लिनक्सवरच्या एचपी ड्रायव्हरबरोबर एचपीचं प्लगइन उतरवावं लागतं, मग तो नीट चालतो. कॅनन एलबीपी २९०० असेल तर त्याचा ड्रायव्हर लिनक्सवर बसवणं खटाटोपाचं आहे. तो प्रिंटर रोज लागत असेल तर विंडोजवरच राहा.

प्रश्न : दुकानाचा जुना हिशेब फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसवरच्या डॉस प्रोग्राममध्ये आहे. ३२ बिट विंडोज १०वर चालतो, बिलं डॉट मॅट्रिक्सवर निघतात. त्याच मशीनवर जीएसटी आणि नेटबँकिंग. ११ घेतली तर प्रोग्राम चालेल का? — एक व्यापारी, सियागंज, इंदूर

उत्तर : चालणार नाही. डॉसचे प्रोग्राम चालवणारा एनटीव्हीडीएम हा भाग फक्त ३२ बिट विंडोजमध्ये असतो, आणि विंडोज ११ ही ६४ बिटच येते. शिवाय ३२ वरून ६४ बिटवर ‘अपग्रेड’ होतच नाही, डिस्क पुसून नव्याने बसवावी लागते. कुणी ‘फॉरमॅट मारून अर्ध्या तासात ११ टाकून देतो’ म्हणत असेल, तर त्या अर्ध्या तासात तुमचा चालता हिशेब बंद पडेल.

तुमच्याकडे एकाच मशीनवर दोन न जुळणारी कामं आहेत, ती वेगळी करा. जुनं मशीन आहे तसं राहू द्या, पण त्याची लॅनची वायर काढा आणि वायफाय असेल तर बंद करा. बाहेरचे पेनड्राइव्ह त्याला लावू नका. त्याच्या हार्ड डिस्कची पूर्ण प्रतिमा, म्हणजे हुबेहूब प्रत, क्लोनझिला या प्रोग्रामने एका एक्स्टर्नल डिस्कवर आजच घेऊन ठेवा. डॉसचा प्रोग्राम टिकेल, पण त्याखालची जुनी हार्ड डिस्क कधी जाईल ते सांगता येत नाही. जीएसटी, बँक आणि ईमेलसाठी विंडोज ११चं वेगळं मशीन घ्या. खर्च वाढतो हे खरं, पण बँकेचं काम आधार संपलेल्या मशीनवरून हलवणं यात सर्वांत महत्त्वाचं आहे.

नव्या मशीनवर डॉसबॉक्समध्ये, म्हणजे डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, तोच प्रोग्राम चालवण्याचा सल्ला तुम्हाला मिळेल. डॉसबॉक्स मुळात खेळांसाठी बनवलेलं आहे. एकाच वेळी दोघं नोंदी करत असतील तर फाइल लॉकिंगचा (एकाची नोंद चालू असताना दुसऱ्याला थांबवण्याचा) भरवसा नसतो आणि इंडेक्स बिघडतात. जुन्या वर्षांची खातेवही बघायला मात्र ते उत्तम आहे. आणि ती बघावी लागते. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपायचा असतो.

हिशेब नव्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायचा तर १ एप्रिल गाठा, म्हणजे फक्त अखेरच्या शिल्लका न्याव्या लागतात. फॉक्सप्रोच्या नोंदींची डीबीएफ फाइल लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये थेट उघडते. नेहमी प्रतीवर काम करा. सीडीएक्स आणि आयडीएक्स या इंडेक्सच्या फाइली नेल्या नाहीत तरी चालतं. मेमो रकान्यांचा मजकूर एफपीटीमध्ये असतो, ती फाइल डीबीएफच्या शेजारीच असू द्या.

डॉट मॅट्रिक्स फेकू नका. नव्या मशीनला पॅरलल पोर्ट नसेल तर यूएसबीवरून पॅरलल करणारी केबल मिळते. ती लावल्यावर प्रिंटर यूएसबी००१ या पोर्टवर दिसतो, एलपीटी१वर नाही. एलपीटी१वरच छापणारं जुनं सॉफ्टवेअर त्यामुळे गप्प बसतं. प्रिंटर शेअर करा आणि नेट यूज एलपीटी१ या आज्ञेने तो शेअर एलपीटी१ला जोडा. शेवटी परसिस्टंट यस लिहिलं की मशीन बंद-चालू केलं तरी जोडणी टिकते.

प्रश्न : आमच्या कर सल्लागाराच्या कार्यालयात चार मशीन आहेत, सगळी पात्र. टॅली, डिजिटल सहीचे टोकन आणि जीएसटीचं काम. कधी बदलावं? — इंदूर

उत्तर : चारही एकदम बदलू नका. एक मशीन आधी बदला, त्यावर विवरणपत्रांचा एक पूर्ण महिना काढा, मग बाकीची. तारखा तुम्हाला पाठच आहेत. ७ला टीडीएस, ११ला जीएसटीआर-१, २०ला जीएसटीआर-३बी, आणि तिमाहीवाल्यांची ३बी मध्य प्रदेशात २२ला. म्हणून २३ तारखेनंतर हात घाला, आणि जुलैत अजिबात नाही.

सहीची खासगी किल्ली टोकनच्या आतच असते, विंडोज बदलल्याने ती जात नाही. बिघडतो तो टोकनचा ड्रायव्हर. विंडोज ११मध्ये कोअर आयसोलेशनखाली मेमरी इंटेग्रिटी नावाची सोय असते आणि ती जुने ड्रायव्हर अडवते. ती बंद करून काम भागवायचा मोह होतो. तसं करू नका, टोकनच्या कंपनीकडून नवा ६४ बिट ड्रायव्हर घ्या. टोकन ओळखलं जात नाही म्हणून पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकू नका. चुकीच्या प्रयत्नांची मर्यादा संपली की टोकन लॉक होतं. मशीन फॉरमॅट करणार असाल तर ईएमसाइनर हे पोर्टलवर डिजिटल सही करायचं सॉफ्टवेअर नव्याने बसवावं लागेल, आणि फॉरमॅटच्या आधी टॅलीचं लायसन्स सरेंडर करायला विसरू नका. नाहीतर ते जुन्याच मशीनला बांधलेलं राहतं आणि नव्यावर चालू करायला धावपळ होते.

वीज जाण्याची भीती खरी आहे. एसएसडीवर अपग्रेडला साधारण तास लागतो, जुन्या हार्ड डिस्कवर तीन-चार तासही. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस दहा-पंधरा मिनिटंच तग धरतो. पावसाळ्यापूर्वीच्या वादळी दुपारी किंवा वीज कंपनीने देखभालीसाठी पुरवठा बंद जाहीर केलेल्या दिवशी अपग्रेड सुरू करू नका. मशीन इन्व्हर्टरच्या लाइनवर असेल तर सर्वांत बरं.

प्रश्न : आमच्या मराठी वाचनालयाची पुस्तकांची यादी एक्सेलमध्ये आहे, पण जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेली. विंडोज बदलली तर अक्षरं राहतील का? — रामबाग, इंदूर

उत्तर : जुन्या फाँटमध्ये फाइलीत मराठी अक्षर साठवलेलंच नसतं. तिथे रोमन अक्षरांचे क्रमांक असतात आणि फाँट त्यांच्यावर देवनागरीचं चित्र चढवतो. फाँट आहे तोवर मराठी दिसतं, नसेल तर रोमन चिन्हांचा गोंधळ. सरळ अपग्रेड केलंत तर बसवलेले फाँट टिकतात. फॉरमॅट केलंत तर जातात. म्हणून सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरातले ते फाँट आधी पेनड्राइव्हवर घ्या. टायपिंगचं सॉफ्टवेअर डोंगलवर चालत असेल तर त्या डोंगलचा ड्रायव्हर ६४ बिट ११वर चालतो का, हे बनवणाऱ्यांना विचारूनच पुढे जा.

पण यादी नुसती टिकवून थांबू नका, ती युनिकोडमध्ये आणा. युनिकोड झाल्यावरच शोध चालतो, लेखकांच्या नावांचा अकारविल्हे क्रम लागतो आणि यादी वाचकांच्या फोनवरही दिसते. मूळ फाइल तशीच ठेवा आणि प्रतीवर रूपांतर करा. पहिल्या पन्नास ओळी डोळ्यांखालून घाला. चुका ठरलेल्या जागी होतात. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या नको त्या बाजूला जाते, रेफ शेजारच्या अक्षरावर बसतो, ‘वाऱ्यावर’ किंवा ‘सुऱ्या’मधला र्‍ बिघडतो, ‘ॲड.’मधला ॲ तुटतो. सर्वांत त्रास मिश्र रकान्यांचा होतो. ज्या खान्यात मराठी नावाबरोबर इंग्रजी शब्द किंवा आकडे आहेत, तिथे इंग्रजीचंही रूपांतर होऊन भलतंच काही तयार होतं. दाखल क्रमांक, किंमत आणि वर्ष यांचे रकाने रूपांतरात घेऊच नका. फक्त पुस्तकाचं नाव, लेखक आणि प्रकाशक घ्या.

पुढच्या नोंदींना वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक असे दोन्ही कीबोर्ड मिळतात. कोकिळा आणि उत्साह हे फाँट हवे असतील तर ऑप्शनल फीचर्समधून देवनागरीचे पूरक फाँट उतरवा.

प्रश्न : ११ टाकली, पण स्कॅनर चालेना. परत १०वर येता येतं का? — एक वाचक, महू

उत्तर : अपग्रेड करून १० दिवस झाले नसतील तर येतं. सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, गो बॅक. तुमच्या फाइली राहतात, पण ११वर आल्यानंतर बसवलेले प्रोग्राम जातात. ही सोय सी ड्राइव्हमधल्या विंडोज डॉट ओल्ड या फोल्डरावर चालते, म्हणून जागा मोकळी करायच्या नादात डिस्क क्लीनअपमधून तो उडवू नका. आणखी वेळ हवा असेल तर ते १० दिवस संपायच्या आत ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये डिस्म या विंडोजमधल्या साधनाची सेट-ओएसअनइन्स्टॉलविंडो ही आज्ञा व्हॅल्यू ६० देऊन चालवा. मुदत ६० दिवसांची होते. तेवढ्यात स्कॅनरच्या कंपनीच्या साइटवर ११चा ड्रायव्हर शोधा. नाही मिळाला तर विंडोज १०साठीचा ६४ बिट ड्रायव्हर घालून पाहा, बऱ्याच स्कॅनरना तो ११वरही चालतो.